आजोबांना तीन हॉर्न

बुआखामने तिसऱ्या दिवशीही सकाळी सहाला चौकातल्या चिंचेखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली, मांडीवर पुठ्ठा घेतला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या रेघा ओढायला सुरुवात केली. चार उभ्या, पाचवी आडवी. पंचायत कचेरीत तिच्या टेबलावर ‘बांधकाम तंत्रज्ञ’ अशी पाटी होती, पण गावात तिला सगळे इंजिनीअरबाई म्हणत आणि म्हणताना जरा हसत. जिला आपण भातखाचरात बेडकांमागे धावताना पाहिलं, तिने आता आपल्याला रस्ता ओलांडायला शिकवावं, हे काही लोकांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

चौक तसा साधा होता. साखर कारखान्याकडे जाणारा डांबरी हमरस्ता आणि त्याला छेदून गावातून पलीकडच्या शाळेकडे नि देवळाकडे जाणारा सिमेंटचा रस्ता. गावाकडून आलं की उजव्या कोपऱ्यावर थोरल्या आजोबांचं ठाणं. थोरले आजोबा म्हणजे गावाचे राखणदार; गाव वसायच्या आधीपासून ते तिथेच. पूर्वी खांबावर लाकडाचं एवढंसं घरटं होतं. मग नवस फेडणाऱ्यांनी सिमेंटचे हत्ती आणले, कोंबडे आणले, रस्ता सुखरूप ओलांडता यावा म्हणून झेब्रे आणले. कुणी छातीएवढा आणला म्हणून शेजाऱ्याने डोक्याएवढा आणला. ज्यांना घरातली मोडकी देवघरं टाकवेनात, त्यांनी तीही आणून टेकवली. मागे बांबूचं बेट माजलं. आता त्या कोपऱ्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

बुआखामने मोजलं होतं. बाइकवर बसलेल्या माणसाला उजवीकडून येणारा ट्रक दिसतो तो बावीस मीटरवर आल्यावर. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या ट्रकला बावीस मीटर म्हणजे एक सेकंद. एका सेकंदात माणूस फार तर “अगं आई” म्हणेल.

दोन वर्षांत या चौकाने अकरा जण इस्पितळात धाडले होते आणि तिघे स्मशानात. त्या तिघांतला एक तिचा धाकटा भाऊ, पायू.

म्हणून तिने आराखडा केला होता. ठाणं तीस मीटर मागे न्यायचं, बांबू काढायचे, गावाच्या रस्त्यावर थांबायची पांढरी रेघ, हमरस्त्यावर चाकं थडथडतील असे जाड पट्टे आणि वर लुकलुकणारा पिवळा दिवा. प्रांताच्या रस्ता विभागाने तो मान्यही केला होता. अट एकच: गावाचा ठराव शुक्रवारपर्यंत पोचायला हवा, नाही तर काम रांगेतल्या पुढच्या गावाला. आणि सोमवारी कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होत होता. मग दिवसाला दोनशे उसाचे ट्रक.

गाड्या मोजता मोजता पहिल्या दिवशीच तिला एक गोष्ट खटकली होती आणि तिने पुठ्ठ्यावर एक जादा रकाना आखला होता. चौकात येणारा प्रत्येक जण थोरल्या आजोबांना हॉर्नने नमस्कार करायचा. तीनदा. पीप, पीप, पीप. ती स्वतःही लहानपणापासून करत आली होती. पण खुर्चीत बसून बघताना तिला दिसलं, की हॉर्न दिला की माणूस निर्धास्त होतो. हॉर्न देतो, मान झुकवतो आणि सुटतो. काल दोनशे बारा दुचाक्या गेल्या. हॉर्न दिला एकशे नव्वदांनी, उजवीकडे बघितलं नऊ जणांनी.

सात-वीसला माप्रांग आली. पायूची तेरा वर्षांची मुलगी. आई बँकॉकला शिवणकामाच्या कारखान्यात, म्हणून पोरगी बुआखामच्या आई-बाबांकडे. आणि अपघातात मोडलेली, आता दुरुस्त केलेली बापाची लाल बाइक घेऊन रोज शाळेला. या गावात तेराव्या वर्षी सगळेच बाइक चालवतात, त्यात बुआखामने कितीही ओरडून काही होणार नव्हतं.

पीप, पीप, पीप. कानठळ्या बसवणारा तो हॉर्न अख्खा गाव ओळखायचा. बुआखामच्या बाबांनी मुद्दाम बसवून घेतला होता. माप्रांगने मान खाली घातली. डोळे क्षणभर मिटले.

त्याच वेळी बांबूंच्या मागून ट्रकचा हॉर्न आला. भों, भों, भों.

“माप्रांग!” बुआखाम ओरडली. खुर्ची उलटली.

बाइक हमरस्ता ओलांडून गेली आणि तिच्या मागच्या दिव्याला चाटून ट्रक गेला. ठाण्यावरच्या झेंडूच्या माळा उडून रस्त्यावर पडल्या. माप्रांगने आत्याला पाहून हात हलवला आणि शाळेच्या वळणावर दिसेनाशी झाली. तिला काही कळलंच नव्हतं.

ट्रक पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरला आणि मागे चालत आला. जवळ आल्यावर बुआखामने ओळखलं: थेत. पायू ज्याच्या चाकाखाली गेला, तो थेत. पोलिसांनी त्याला सोडलं होतं, पण गावाने नाही. तो या वाटेला चहालाही थांबायचा नाही.

“ती... त्याचीच ना?” त्याने विचारलं.

“त्याचीच. थेतकाका, तुम्ही ब्रेक का नाही मारलात? हॉर्न ऐकला नाहीत?”

“ऐकला ना.” थेत रस्त्याच्या कडेलाच बसला. “वाटलं, कुणीतरी आजोबांना नमस्कार करतंय. मीही केला.”

बुआखामने मघाशी पडलेला पुठ्ठा उचलला.

“त्या दिवशी पण असंच झालं, पोरी,” थेत खाली बघत म्हणाला. “पायूचा हॉर्न मी ऐकला होता. तीनदा. मीही तीनदा दिला. त्याला वाटलं मी आजोबांना देतोय, मला वाटलं तो देतोय. मग तो एकदम समोरच.”

“पण बाबा तर सगळ्यांना सांगतात, की पायूने हॉर्न दिलाच नाही! बिघडलेला होता म्हणून.”

“मोडलेल्या गाडीचा हॉर्न वाजेल का? तुझ्या बाबांनी, भगतबुवांनी, नंतर बटण दाबून बघितलं, वाजला नाही, झालं. मी तेव्हा काय सांगणार होतो? पोरगा मारला त्या माणसाचा. वर त्याला खोटंही पाडू?”

बुआखामचे वडील फान हे थोरल्या आजोबांचे भगत. आजोबांचं म्हणणं गावाला तेच सांगायचे आणि गावाचं आजोबांना. मुलाच्या सरणापाशी उभं राहून त्यांनी गावाला बजावलं होतं: माझ्या पोराने वंदन केलं नाही, म्हणून गेला, तुम्ही चुकू नका. त्या दिवसापासून जे पूर्वी आठवलं तर हॉर्न द्यायचे, तेही न चुकता द्यायला लागले. आणि माप्रांगच्या गाडीला गावातला सगळ्यात मोठा हॉर्न बसला.

बाबांना हे सांगायचं कसं?

त्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, ती वडिलांच्या घरी गेली तेव्हा बाबा ओसरीवर बांबूची काठी तासत बसले होते. उद्या बुधवार, आजोबांना कौल लावायचा दिवस. ठाणं हलवायचं तर त्यांचा होकार हवा, आणि तो घ्यायची रीत एकच. भगताने दोन्ही हात पसरायचे आणि बरोबर एक वाव भरेल एवढी काठी तोडायची. मग देवळाच्या मंडपात सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचा आणि तीच काठी पुन्हा वावेने मापायची. बोटं काठीच्या बाहेर गेली तर आजोबा राजी. काठी बोटांच्या बाहेर उरली तर नाही.

“बाबा, उद्या हो म्हणायला हवं त्यांनी.”

“म्हणायला हवं? तू काय त्यांची साहेबीण?”

“आज माप्रांग थोडक्यात वाचली.”

काठीवरचा कोयता थांबला. “हॉर्न दिला होता ना तिने?”

“दिला होता.”

“मग! म्हणून वाचली.” कोयता पुन्हा चालू झाला. “तुझ्या भावाला हजारदा सांगितलं होतं, हॉर्न दुरुस्त कर, हॉर्न दुरुस्त कर. ऐकलं नाही. माझं ऐकलं असतं तर आज इथे बसून जेवला असता.”

थेतचं बोलणं बुआखामने सांगितलं नाही. दोन वर्षं हा माणूस एवढ्याच एका गोष्टीवर उभा होता, की पोराने आपलं ऐकलं नाही. तीही काढून घेतली तर उरणार काय? तिला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. पुढ्यात ठेवलेली चिकट भाताची टोपली न जेवताच झाकून ती उठली. जाताना तिने थेतला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाली, “उद्या पाचला देवळात या. मागे बसा. वेळ आली नाही तर बोलूही नका.”

बुधवारी पाचला मंडप भरला. देऊळ रस्त्यापलीकडे, चौकापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बोलण्याच्या मध्ये मध्ये हॉर्न येतच होते. पीप, पीप, पीप. कुणी मान वर करून बघतही नव्हतं.

बुआखामने भिंतीवर नकाशा लावला, रेघ, पट्टे, दिवा, सगळं सांगितलं. बावीस मीटरही सांगितले.

“काय गं बाई,” लामदुआन पुढच्या रांगेतून म्हणाली. ती ठाण्यापाशी माळा आणि उदबत्त्या विकायची, आणि आजोबांनी स्वप्नात दिलेले लॉटरीचे आकडेही सांगायची. “आजोबांना मागे बांबूत ढकललंस तर आकडे कोण देणार? तुझा मोजायचा टेप?”

मंडप हसला.

“मावशी, तुमच्या आकड्याने आजवर कुणाला लागलीय का?”

“माझ्या जावेला लागता लागता राहिली! आणि हसण्यावारी नेऊ नको. जागचं हलवलं की ते बळी घेतील.”

“तीन तर न हलवताच गेले.”

“ते हॉर्न न देणारे!” लामदुआन बोलून गेली आणि मग फानकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला.

गावप्रमुख कामसिंग घसा खाकरून म्हणाले, “भांडू नका. मला शुक्रवारच्या आत कागदावर सही करायचीय. आजोबा काय म्हणतात ते बघू. भगतबुवा, उठा.”

फान उठले. मग काहीतरी आठवून कामसिंगांना म्हणाले, “नैवेद्याची कोंबडी घरीच राहिली. माप्रांगला फोन करा, म्हणावं घेऊन ये.” कामसिंगांनी फोन लावला. बुआखामने चौकाकडे पाहिलं. घर हमरस्त्याच्या त्या बाजूला होतं, पोरीला चौक ओलांडूनच यावं लागणार होतं.

म्हातारा मंडपाच्या मधोमध उभा राहिला. काठी कपाळाला लावली, डोळे मिटले, ओठ हलले. मग त्याने काठी आडवी धरली आणि हात पसरले.

काठी उजव्या बोटांच्या पुढे उरली. चार बोटं.

“नाही म्हणाले,” फान हळूच म्हणाले.

लामदुआनने हात जोडले. कामसिंगांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. पण बुआखाम माणसांकडे बघत नव्हती. तिचं सगळं आयुष्य मापात गेलं होतं आणि तिला बाबांचं डावं कोपर दिसलं होतं. ढगळ बाहीच्या आत ते वाकलेलं होतं. चार बोटांइतकंच.

कोपराचं बोलावं तर भरगावात बापाला खोटारडा म्हटल्यासारखं. न बोलावं तर सोमवारपासून दोनशे ट्रक. ती उभी राहिली.

“थेतकाका,” ती म्हणाली, “सांगा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. थेतला बघताच कुजबुज सुरू झाली, कुणीतरी म्हणालं, “हा कशाला आलाय इथे?” थेत उठला, टोपी छातीशी धरली आणि जमिनीकडे बघून म्हणाला, “भगतबुवा, तुमच्या पोराने हॉर्न दिला होता. मी माझ्या कानांनी ऐकला. म्हणूनच तर मी वेग कमी केला नाही. मला वाटलं नमस्कार चाललाय. मीही तीनदा वाजवला आणि त्यालाही तेच वाटलं असणार. तो थांबला नाही.”

फान हलले नाहीत. काठी अजून हातात आडवीच होती.

“किती वेळा दिला?” त्यांनी विचारलं.

“तीन वेळा, बुवा.”

“मोजलेस तू?”

“मोजायला कशाला लागतं? रोज रात्री ऐकतो.”

आणि तेवढ्यात चौकातून आवाज आला, गावातला सगळ्यात मोठा हॉर्न. पीप, पीप, पीप.

लगोलग दुसरा. भों, भों, भों.

रोज शंभरदा ऐकलेले ते आवाज त्या दिवशी मंडपाने पहिल्यांदा ऐकले. लामदुआन अर्धी उठली आणि तशीच राहिली. बुआखामने मनात मोजलं, एक सेकंद, दोन, तीन. ट्रक धडधडत गेल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बाबांकडे बघायचं धैर्य तिला झालं नाही.

मग देवळाच्या फाटकातून लाल बाइक आत आली. माप्रांगने स्टँड लावला, पुढच्या टोपलीतून झाकलेलं पातेलं उचललं आणि पायऱ्या चढून वर आली. सगळा गाव आपल्याकडेच बघतोय म्हणून लाजली.

“उशीर झाला का, आजोबा? आजी मीठ विसरली होती.”

फान तिच्यापुढे गेले. “ट्रक किती लांब होता गं?”

“कुठला ट्रक?” माप्रांग म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि खाली ठेवलं. ठेवताना झाकण निसटून गडगडत गेलं, ते कुणी उचललं नाही. मग ते मंडपाकडे वळले.

“मघाशी मी कोपर वाकवलं,” ते म्हणाले. “आजोबांना काही विचारलंच नाही मी. त्यांना हलवलं तर ते कोपतील, याचीच मला भीती. पोराची एवढी एक पोरच उरलीय.”

“मग पुन्हा मापा की!” लामदुआन म्हणाली.

“एका दिवसात दोनदा विचारता येत नाही, तुला माहीत आहे. पुढच्या बुधवारी येईल विचारता. तोवर कागदाची मुदत गेलेली असेल आणि ट्रक सुरू झालेले असतील.” त्यांनी काठी गुडघ्यावर ठेवून मोडली. “कौल नाही मिळाला. तरी ठाणं उद्या मी उचलणार. त्यांना राग आला तर तो माझ्यावर. गावावर नाही, पोरीवर नाही. लिही कामसिंग, आणि साक्षीला माझं नाव घाल.”

कामसिंगांनी कागद सुलटा केला.

“आणखी एक लिही. आजपासून आजोबांना हॉर्न नाही. त्यांना वंदन करायचं तर रेघेवर गाडी थांबवायची, पाय जमिनीला टेकवायचा, दोन्हीकडे बघायचं. एवढं जो करेल त्याचा नमस्कार पोचला. भगत म्हणून सांगतोय.”

सह्या झाल्या. लामदुआननेही केली; करताना म्हणाली, “माळा मी नव्या जागी विकेन, तेवढं नकाशात टाक.” बुआखामने टाकलं.

उजेड होता तोवर तिघं घरी निघाली. चौकाच्या अलीकडे फाननी बाइक थांबवली, वाकून हँडलखालची तार चाचपली आणि एका हिसड्यात उपटली. माप्रांग बघत राहिली. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. रस्ता त्यांनी पायीच ओलांडला, बाइक ढकलत, दोन्हीकडे बघून.

पलीकडे ठाण्यापाशी आल्यावर म्हातारा मात्र थांबला. तिथे, त्या झेब्र्यांच्या समोरच, पायू पडला होता. बुआखाम त्यांच्या बाजूला उभी राहिली.

“पोराने हॉर्न दिला होता,” बाबा म्हणाले. “दोन वर्षं मी त्याला शिव्या घालतोय. पोराने माझं ऐकलं होतं गं.”

आणि मग ते रडले, चौकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. एक बाइकवाला जवळ आला, सवयीने त्याचा अंगठा हॉर्नकडे गेला, आणि म्हाताऱ्याला बघून त्याने गाडीच थांबवली. पाय टेकून तो उजवीकडे बघत राहिला.

बऱ्याच वेळाने फाननी डोळे पुसले, ठाण्यापुढे हात जोडले आणि सगळ्यात पुढचा सिमेंटचा हत्ती सोंडेपाशी धरला.

“उद्या करू बाबा,” बुआखाम म्हणाली. “उद्या मी माणसं आणते.”

“सकाळी सात-वीसला ती जाते,” ते म्हणाले. “धर मागून.”

तिने काखेतला पुठ्ठा खाली ठेवला आणि हत्तीला मागून धरलं.